जुन्या पिकअप ट्रकला स्वतंत्र पश्च-निलंबन : सांगाड्याच्या दृष्टीने एक विचार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेत अर्ध्या टनाच्या ज्या पिकअप गाड्या निघाल्या, त्यांपैकी शेव्हरोलेची ३१०० (१९४७ ते १९५५ या काळातील) आणि फोर्डची एफ-१०० (१९५३ पासूनची) या दोहोंना आज तेथील हौशी मंडळींत विशेष मान आहे. मुळात ही शेतकऱ्याची व कारागिराची वाहने. धान्याची पोती, लाकूड, हत्यारे वाहून न्यावयाची, आणि रस्ता नसेल तेथेही जावयाचे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. चालकाच्या सुखाचा विचार त्यांच्या रचनेत गौण होता. आता त्याच गाड्या निगुतीने दुरुस्त करून, त्यांत अधिक बलवान एंजिन बसवून हमरस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने चालविल्या जातात. आणि मग रिकाम्या हौद्याखालच्या मागच्या चाकांचे उसळणे मालकास असह्य होऊ लागते. त्यावरील एक उपाय असा की, मागचा अखंड आस काढून टाकावा व त्याच्या जागी एखाद्या प्रवासी मोटारीचे स्वतंत्र पश्च-निलंबन बसवावे.

या उपायाची वर्णने बहुधा जुळणीच्या क्रमाने केलेली आढळतात. कोठे कापावे, कोठे वेल्ड करावे, कोणता बोल्ट कोणत्या भोकात जावा, हे त्यांत तपशीलवार असते. प्रस्तुत लेखाचा रोख निराळा आहे. मागचा आस जी बले स्वतःमध्येच जिरवीत होता, ती आस काढल्याने नाहीशी होत नाहीत; ती सांगाड्यावर येतात. जुना सांगाडा ती बले घेण्यासाठी घडविलेला नव्हता. तेव्हा हा प्रश्न दिसावयास चाकांचा असला, तरी वस्तुतः सांगाड्याचा आहे, असे आमचे मत आहे. आणि ज्या रूपांतरांत पुढे तडे जातात, ती बहुधा हा भेद न ओळखता केलेली असतात.

अखंड आस काय काय करतो

वाहनाचा सांगाडा आणि त्याची चाके यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, दांडे व शॉक-अ‍ॅब्सॉर्बर यांच्या समुच्चयास आपण निलंबन म्हणू. जुन्या पिकअपमध्ये हा समुच्चय अत्यंत साधा आहे. दोन्ही मागची चाके एका पोलादी नळीच्या टोकांशी. नळीच्या मध्यभागी डिफरन्शियलची पेटी. आणि ही नळी प्रत्येक बाजूस पोलादी पट्ट्यांच्या एका लांब कमानीवर, म्हणजे आपल्या गॅरेजांत ज्यांना पाटे म्हणतात त्यांवर, आवळून बसविलेली. पाट्याचे पुढचे टोक सांगाड्यात खिळलेले व मागचे एका झुलत्या कडीला अडकविलेले असते.

या साधेपणामुळे पाट्यांकडे किती कामे सोपविलेली आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. वजन पेलणे हे त्यांचे उघड काम. पण आस पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये हेही तेच पाहतात, चाकांचा पुढे रेटण्याचा जोर सांगाड्यास तेच पोहोचवितात, आणि चाके एका दिशेने फिरू लागताच आसाची पेटी उलट दिशेने वळू पाहते तो पीळही तेच सोसतात. (१९५४ पर्यंतच्या ३१०० गाड्यांत हे शेवटचे काम पाट्यांकडे नव्हते. तेथे प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असे व ती नळी आसाच्या पेटीस घट्ट जोडलेली असल्याने पीळ नळीच सोशी. अशी गाडी रूपांतरासाठी घेतल्यास नळीबरोबर गिअरपेटीचे मागचे अंगही बदलणे प्राप्त होते. १९५५ पासून हा शाफ्ट उघडा आला.)

आसाचा आणखी एक गुण असा की, गाडी कितीही दबली तरी त्याची दोन्ही चाके जमिनीशी काटकोनातच राहतात. हौद्यात काही नसो वा अर्धा टन माल असो, टायरचा तळ सपाटच टेकतो. मालवाहू गाडीच्या दृष्टीने हा गुण लहान नाही. पुढे त्याचा पुन्हा विचार करावयाचा आहे.

दोष दोन. पहिला वजनाचा. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक नमुन्याची गाडी कल्पू. तिच्या मागच्या स्प्रिंगांवर रिकाम्या स्थितीत ५०० कि.ग्रॅ. भार आहे; त्यांखाली आस, चाके व ब्रेक मिळून १६० कि.ग्रॅ. आहेत. म्हणजे स्प्रिंगेखालचे वस्तुमान वरच्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश झाले. रस्त्यातील उंचवट्याने हे जड वस्तुमान वर फेकले गेले म्हणजे हलक्या हौद्यास तो धक्का पचविता येत नाही. स्वतंत्र निलंबनात डिफरन्शियलची पेटी सांगाड्यास टांगलेली असल्यामुळे चाकांबरोबर हलणारे वस्तुमान ९० कि.ग्रॅ. वर येईल असे धरू. पेटीचे ७० कि.ग्रॅ. वर गेल्याने वरचा भार ५७० होतो, आणि गुणोत्तर एक-तृतीयांशावरून एक-षष्ठांशाच्या आसपास उतरते. भरलेल्या गाडीत हा फरक मुळातच कमी असतो. रिकामी पिकअप चालविणाऱ्यास रूपांतराचे सुख इतके जाणवते त्याचे कारण हेच.

दुसरा दोष प्रोपेलर शाफ्टच्या पिळाचा. एंजिनाकडून येणारा हा पीळ आसाला आडवा कलंडवू पाहतो. परिणामी एक मागचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते व दुसरे, नेहमीच्या रचनेत उजवे, हलके होते. आपल्या नमुन्याच्या गाडीचे मागचे एकूण वजन ६६० कि.ग्रॅ., टायरची त्रिज्या ०.३५ मीटर व घर्षणांक ०.८ धरल्यास चाकांना घसरण्यापूर्वी सुमारे १,८०० न्यूटन-मीटर परिबल घेता येईल. मागील दंतचक्रांचे प्रमाण ३.५ असल्यास शाफ्टमधील परिबल सुमारे ५१५ होते. आणि चाकांमधील अंतर दीड मीटर धरता एका चाकावरील दाब साधारण ३४० न्यूटनांनी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या दाबाच्या एक-दशांशाने, कमी होतो. यांतील काही भाग मागच्या स्प्रिंगांच्या द्वारे परत मिळतो हे खरे, परंतु पुढच्या स्प्रिंगा जो वाटा घेतात तो मागे परत येत नाही. डिफरन्शियल सांगाड्यास जोडले की हा कलंडविणारा पीळ एंजिनाच्या आधारांतून येणाऱ्या विरुद्ध पिळाशी सांगाड्यातल्या सांगाड्यातच मिटतो, आणि चाकांना त्याची वार्ताही लागत नाही.

स्वतंत्र निलंबनाची कुळे

मागची चाके एकमेकांपासून मोकळी करण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी म्हणता येईल. ऑस्ट्रियन अभियंते एडमुंड रुम्प्लर यांनी १९०३ मध्ये झुलत्या आसाचे पेटंट घेतले. मर्सिडीझ-बेन्झची १७० ही गाडी १९३१ मध्ये चारही चाकांना स्वतंत्र निलंबन घेऊन आली; तिच्याही मागे झुलता आसच होता. या प्रकारात डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंस एकेक सांधा असतो व चाक त्या सांध्याभोवती दारासारखे वर-खाली झुलते. रचना स्वस्त, पण चाक वर-खाली होताना त्याचा कल फार बदलतो. १९५९ ची ट्रायम्फ हेरल्ड याच कुळातली. तीच गाडी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून भारतात बनविली, आणि तिचे मागचे चाक जॅकवर उचलताच आत दुमडे, हे चित्र अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. १९७२ मध्ये तिच्याच आधारे निघालेल्या गॅझेलला कंपनीने पुन्हा अखंड आस दिला. आपण ज्या रूपांतराचा विचार करीत आहोत त्याच्या नेमके उलट रूपांतर आपल्याकडे कारखान्यातच झाले, ही गोष्ट मनोरंजक आहे.

पिकअपच्या संदर्भात मात्र दोन कुळांचा विशेष विचार करावा लागतो. पहिले १९६१ मध्ये जग्वारच्या ई-टाइप व मार्क टेन या गाड्यांत आलेले, आणि दुसरे १९६३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचे. दोहोंतही चाकाकडे जाणारा शाफ्ट हाच वरच्या दांड्याचे काम करतो. खाली निराळा दांडा असतो. कॉर्व्हेटमध्ये स्प्रिंग म्हणून आडवा पाटा आहे, जग्वारमध्ये प्रत्येक बाजूस दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बर व त्यांभोवती दोन वेटोळ्या स्प्रिंगा. अमेरिकेतील हौशी कारागिरांनी जग्वारच्या संचास पसंती दिली याचे कारण उघड आहे. डिफरन्शियल, दांडे, स्प्रिंगा आणि ब्रेक हे सर्व एका दाबीव पत्र्याच्या चौकटीत एकत्र बांधलेले असून ती चौकट चार रबरी आधारांवर मोटारीच्या तळाला टांगलेली असते. काही बोल्ट सोडविले की सगळा संच एका अंगाने खाली उतरतो. मोडीत निघालेली जग्वार सेडान मिळाली की काम अर्धे झाले, असे वाटण्याजोगीच ही सोय आहे. शिवाय ती सेडान दीड टनाहून जड, म्हणजे संच काही नाजूक नव्हे. पुढे १९८९ च्या फोर्ड थंडरबर्डसारख्या गाड्यांतूनही असे संच मिळू लागले.

रुंदी मात्र आधी पाहिली पाहिजे. ई-टाइपच्या मागच्या चाकांतील अंतर १,२७० मि.मी., तर मार्क टेनचे १,४७३ मि.मी. पहिला संच पिकअपखाली घातला तर चाके मडगार्डच्या पार आत जातात व गाडी लंगोट घातल्यासारखी दिसते. दिसण्याचे सोडून दिले तरी अरुंद पायामुळे ती वळणावर अधिक झुकते, हे वाईट.

सांगाड्यावर येणारा नवा भार

जुन्या पिकअपचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब तुळया व त्यांना रिव्हेटांनी जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. तुळया बंद पेटीच्या नव्हेत, तर एका बाजूस उघड्या, पन्हळीच्या आकाराच्या. वाकण्यास त्या चांगला विरोध करतात, पिळास जवळजवळ करीतच नाहीत. १५० मि.मी. उंच, ६० मि.मी. रुंद व ४ मि.मी. जाड अशी उघडी पन्हळ आणि त्याच मापांची चारही बाजूंनी बंद पेटी यांची तुलना केल्यास पेटीचा पिळास होणारा विरोध पन्हळीच्या साडेचारशे पटींहून अधिक येतो. पाट्यांवरच्या गाडीत हा दुबळेपणा दोष नव्हता. उलट खाचखळग्यांत सांगाडा थोडा पिळला जाऊन चाके जमिनीला धरून राहात.

आता पाटे काढून टाकल्यावर काय होते ते पाहू. पाट्यामुळे चाकाचा आधार सांगाड्यास एका ठिकाणी न मिळता दोन ठिकाणी मिळत असे, निम्मा पुढच्या खिळीवर व निम्मा मागच्या कडीवर. या दोन बिंदूंतील अंतर १.२ मीटर धरू. नव्या संचात स्प्रिंगांची वरची टोके एकाच आडव्या तुळईजवळ येतात, म्हणून सगळा आधार लांब तुळईला एका जागी मिळतो. भरलेल्या गाडीत स्प्रिंगांवर ९५० कि.ग्रॅ., म्हणजे एका बाजूस ४७५ कि.ग्रॅ. अथवा सुमारे ४,६६० न्यूटन भार असेल, तर आसाच्या जागी तुळईला वाकविणारे परिबल या एका फरकानेच ४,६६० × १.२ ÷ ४, म्हणजे जवळजवळ १,४०० न्यूटन-मीटरने वाढते. वर दिलेल्या पन्हळीत त्यामुळे येणारा ताण दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन होतो. गाडी उभी असताना हा ताण किरकोळ आहे; खड्ड्यात आदळताना तो तिपटीने वाढला तर तसा राहत नाही, आणि हा ताण मूळच्या ताणात भर म्हणून येतो, त्याच्या जागी नव्हे.

आता योगायोग असा की, गाडी जमिनीलगत बसावी म्हणून हेच कारागीर नेमक्या याच जागी तुळईच्या खालच्या कडेत अर्धवर्तुळाकार खाच कापतात. खाच कापल्याने तुळईची उंची १५० वरून ९० मि.मी. वर आली, तर कापलेल्या कडेला नवी पट्टी वेल्ड करूनसुद्धा वाकण्यास होणारा विरोध निम्म्यावर येतो. ज्या ठिकाणी परिबल वाढले त्याच ठिकाणी तुळई अर्धी केली! ही खाच घ्यावयाचीच असेल तर तेथे तुळईची उघडी बाजू पत्र्याने बंद करून पेटी करणे, आणि कापलेली उंची वरच्या अंगाने भरून काढणे, यास पर्याय नाही. पेटी करतानाही एक पथ्य आहे. पत्र्याची टोके सरळ उभी कापू नयेत. ती निमुळती अथवा माशाच्या शेपटीसारखी दुभागून कापावीत, म्हणजे ताठ भागातून लवचीक भागात होणारे संक्रमण एकाएकी होणार नाही. सरळ टोकाशी घातलेला उभा वेल्ड हा तड्याचा आरंभबिंदू ठरतो.

पिळाचे परिबल आणखी गंभीर. एंजिनाचे परिबल ३०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण २.५ व मागील दंतचक्रांचे ३.५ असल्यास चाकांशी २,६२५ न्यूटन-मीटर येतात. भरलेल्या गाडीचे टायर एवढे परिबल न घसरता घेऊ शकतात. अखंड आसात ही उलटी प्रतिक्रिया पाट्यांच्या लांब बाहूंवर विभागली जाई. आता ती डिफरन्शियलच्या पेटीच्या बोल्टांवर येते. पुढच्या व मागच्या आधारांतील अंतर २५० मि.मी. असेल, तर प्रत्येक आधारास १०,५०० न्यूटन, म्हणजे एका टनाहून थोडे अधिक बल सोसावे लागेल. पुढचा आधार वर उचलला जाईल, मागचा खाली दाबला जाईल, आणि क्लच झटक्याने सोडणाऱ्याच्या हाती गाडी असेल तर हा आकडाही पुरणार नाही. ब्रेक डिफरन्शियलला लागूनच असल्यामुळे ब्रेक लावताच हीच बले उलटी होतात. असा उलटसुलट भार लाखो वेळा घेणारी आडवी तुळई एका पट्टीची असून चालत नाही. ती नळीची किंवा पेटीची असावी, तिची टोके लांब तुळयांच्या पोटातून पार जावीत, आणि तिला पुढे एक दुसरी तुळई जोडीला असावी.

ही दुसरी तुळई हवी असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या रूपांतरातील सर्वांत अधिक चुका येथेच होतात. जग्वारच्या संचात खालच्या दांड्याच्या बाहेरच्या टोकापासून एक लांब बाहू पुढे जाऊन मोटारीच्या तळाला मिळतो. चौकटीतून सुटलेला संच जमिनीवर ठेवून पाहिला म्हणजे हे बाहू निरुपयोगी लोंबताना दिसतात, आणि पिकअपखाली त्यांना टेकावयास जागा नसते. म्हणून ते गाळण्याचा मोह होतो. पण चाकांचा पुढे रेटण्याचा जोर वाहून नेणारे तेच आहेत. वरील उदाहरणात दोन्ही चाकांचा मिळून हा जोर ७,५०० न्यूटन होतो. बाहू नसेल तर एका चाकाचे ३,७५० न्यूटन अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाशी लागून आतल्या खिळीवर १,८७५ न्यूटन-मीटर परिबल आणतात. ती खिळ या कामासाठी केलेलीच नाही. तिचे कंस वाकतात, चाकाचा रोख बदलतो, वेग वाढविताना गाडी एका बाजूस व कमी करताना दुसऱ्या बाजूस सरकते, आणि शेवटी कंस तुटतो. त्याच मोहाचा दुसरा बळी म्हणजे चौकटीच्या तळाची पट्टी. ती नुसते झाकण दिसते. वस्तुतः ती दोन्ही बाजूंच्या खिळींच्या कंसांना एकमेकांशी बांधते. मूळ चौकट टाकून डिफरन्शियल थेट नव्या तुळईला बोल्टांनी जोडणाऱ्यांनी ही पट्टी नव्याने करून लावलीच पाहिजे.

बाहूचे पुढचे टोक कोठे बसवावे, यासही नियम आहे. खालच्या दांड्याच्या आतल्या खिळीचा अक्ष मनाने पुढे वाढवावा. बाहूचा पुढचा सांधा शक्य तितका त्या रेषेवर यावा. तसे झाले तर दांडा व बाहू मिळून एकच त्रिकोण होतो आणि एकाच अक्षाभोवती झुलतो. सांधा त्या रेषेपासून दूर पडला तर दांडा एक वर्तुळ आखू पाहतो व बाहू दुसरे, आणि त्यांचे भांडण रबरी बुशांना मिटवावे लागते. जग्वारमध्ये थोडे भांडण मोठ्या मऊ बुशांनी मिटविलेले आहे. त्याच जागी कठीण बुश घालून ‘सुधारणा’ करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

माल आणि चाकाचा कल

आता अखंड आसाच्या ज्या गुणाचा निर्देश वर केला, त्याकडे वळू. गाडीला सेकंदाला १.४ आंदोलने असावीत, हे भरलेल्या स्थितीत चांगले मान आहे. ९५० कि.ग्रॅ. भाराला ते साधण्यासाठी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा मिळून दर मिलिमीटरला ७३.५ न्यूटन कडक हव्यात. हौदा रिकामा केल्यावर ५०० कि.ग्रॅ. भाराला त्याच स्प्रिंगा सेकंदाला १.९ आंदोलने देतील, म्हणजे गाडी पुन्हा टणक होईल. आणि ४५० कि.ग्रॅ. माल चढविताना ती ६० मि.मी. खाली बसेल. मालकास जर रिकाम्या गाडीत प्रवासी मोटारीचे सुख, सेकंदाला १.२ आंदोलने, हवे असेल, तर स्प्रिंगा इतक्या मऊ कराव्या लागतील की तोच माल तिला १५५ मि.मी. खाली बसवील. बहुतेक निलंबनांत तेवढी हालचालच उपलब्ध नसते. म्हणजे गाडी रबरी थांब्यावर टेकेल.

अखंड आसात ६० मि.मी. दबल्याने चाकाचा कल मुळीच बदलला नसता. झुलत्या आसात, सांध्यापासून चाकापर्यंतचे अंतर ६०० मि.मी. धरल्यास, तो सुमारे ५.७ अंशांनी बदलतो. जग्वारच्या पद्धतीत वरचा शाफ्ट व खालचा दांडा जवळजवळ समांतर असल्याने चाक जणू बऱ्याच लांबच्या बिंदूभोवती फिरते. ते अंतर १.८ मीटर धरता बदल १.९ अंश येतो. हा फरक सह्य आहे, पण शून्य नव्हे, आणि टायरची आतली कड तो लवकरच दाखवून देते. वरचा शाफ्टच दांडा असल्यामुळे वळणावरचा बाजूचा जोर डिफरन्शियलच्या बेअरिंगांतून जातो, हाही या कुळाचा एक अंगभूत दोष आहे. माल जितका अधिक, तितका तो अधिक बाधतो.

मग वाहनकारखान्यांनी काय केले? १९६० मध्ये शेव्हरोलेने आपल्या अर्ध्या टनाच्या पिकअपला मागे वेटोळ्या स्प्रिंगा दिल्या, परंतु आस अखंडच ठेवला व त्याला दोन लांब बाहूंनी पुढे सांगाड्याशी जोडले. हीच रचना पुढे अमेरिकेतील नॅसकारच्या शर्यतींच्या मोटारींनी उचलली आणि तिच्या सर्वोच्च श्रेणीत ती २०२१ पर्यंत टिकली. २०२२ पासून तेथे स्वतंत्र निलंबन आले. पिकअपची रचना शर्यतीच्या गाडीत साठ वर्षे नांदावी, हे त्या बाहूंच्या गुणांचे प्रमाणपत्रच होय. अखंड आस ठेवून असे बाहू व मऊ स्प्रिंगा बसविणे हा पर्याय ज्या मालकास अजून माल वाहावयाचा आहे त्याने आधी तपासावा. २००५ मध्ये आलेली होंडाची रिजलाइन व २०२२ मध्ये आलेली फोर्डची विजेवर चालणारी एफ-१५० लाइटनिंग या पिकअपांना स्वतंत्र पश्च-निलंबन आहे. पण ते त्यांच्या आराखड्यातच आहे, जुन्या शिडीला मागाहून जोडलेले नाही.

स्वतंत्र चाके आणि जड माल यांचे मुळातच वाकडे आहे, असा मात्र निष्कर्ष काढू नये. चेकोस्लोव्हाकियातील अभियंते हान्स लेडविंका यांच्या १९२३ च्या टाट्रा ११ या मोटारीत पाठीच्या कण्यासारखी एक मधली नळी होती व मागचे झुलते अर्धे आस तिच्याशीच जोडलेले होते. भारतीय सेनेच्या उपयोगातील टाट्रा ट्रक त्याच परंपरेतील असून ते अनेक टन भार वाहतात. फरक इतकाच की, तेथे सांगाडाच एक बंद नळी आहे. पिळाचा विचार प्रथम झाला, चाकांचा नंतर.

जुळणीच्या वेळचे काही

आधी सांगाडा सपाट जमिनीवर टेकूंवर घेऊन कर्ण मोजावेत. सत्तर वर्षांच्या वापरात बहुतेक शिड्या तिरप्या झालेल्या असतात, आणि तिरप्या शिडीला सरळ संच लावला तर गाडी जन्मभर खेकड्यासारखी चालते. पाट्यांचे कंस नवी तुळई पूर्ण वेल्ड होईपर्यंत काढू नयेत; जुन्या आसाची मध्यरेषा त्यांच्यावरून मोजता येते. डिफरन्शियलचे तोंड गिअरपेटीच्या शाफ्टला समांतर, दोन्ही सांध्यांचे कोन लहान व सारखे, असे बसवावे. हे काम अखंड आसापेक्षा सोपे आहे, कारण पेटी आता वर-खाली होत नाही. मूळचे रबरी आधार शक्यतो सोडू नयेत. पेटी पोलादावर पोलाद अशी आवळल्यास दंतचक्रांचा गुंजारव थेट चालकाच्या खोलीत उमटतो.

आत असलेले ब्रेक थंड हवेपासून दूर व तेलाच्या सीलजवळ असतात, म्हणून त्यांची पाहणी वारंवार करावी लागते. येथे जुन्या पिकअपची एक सोय कामास येते. तिच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा व मधल्या पोलादी पट्ट्यांचा असतो. डिफरन्शियलवरच्या दोन-तीन फळ्या स्क्रूंनी सुट्या बसविल्या, तर वरूनच हात पोहोचतो आणि संच खाली उतरविण्याचे टळते.

चाकाचा कल जग्वारमध्ये शाफ्टची आतली चकती व ब्रेकची तबकडी यांच्यामध्ये पातळ चकत्या घालून ठरविला जातो. तो गाडी रिकामी असताना, मग वाळूची पोती ठेवून २०० कि.ग्रॅ. भाराला आणि मग पूर्ण भाराला असा तीनदा मोजावा. ज्या भाराने गाडी बहुतेक दिवस चालणार त्या भाराला तो किंचित आत झुकलेला ठेवावा, आणि पूर्ण भाराच्या वेळी रबरी थांब्यापर्यंत किमान ५० मि.मी. अंतर उरते की नाही ते पाहून, उरत नसेल तर हौद्याच्या फळीवर मालाची नवी, कमी मर्यादा रंगवून टाकावी. पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हा ताणावेत, आणि रंग पुसून तीन जागा भिंगाने तपासाव्यात : पेटी केलेल्या तुळईचे टोक, बाहूच्या पुढच्या सांध्याचा कंस, व आडवी तुळई लांब तुळईतून पार जाते तेथील खालचा वेल्ड.